बॅटरी सारखी गळते? नवी घ्यायच्या आधी हे बघा

बॅटरीच्या डोक्यावर कायम ओल, टर्मिनलवर पांढरा-निळसर भुगा, खालच्या ट्रेचा पत्रा खाऊन गेलेला, आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बघता बघता रिकामा. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांनी एकदा बॅटरी बदललेलीच असते. नवी बसवली की काही महिने बरे जातात, मग तीही ओली व्हायला लागते आणि शिव्या खातो बॅटरी बनवणारा. एखादी बॅटरी खराब निघू शकते, नाही असं नाही. पण एकाच गाडीत लागोपाठ दोन बॅटऱ्या गळल्या, तर चूक गाडीत शोधायची. बहुतेक वेळा ती चार्जिंगमध्ये सापडते, आणि त्याखालोखाल पाणी टाकणाऱ्याच्या हातात.

इथे लिहितोय ते साध्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल: मोटारसायकल, कार, टेम्पो, ट्रॅक्टर, ट्रक. ई-स्कूटरची लिथियम बॅटरी हे वेगळं प्रकरण आहे. ती फुगली किंवा तिच्यातून काही बाहेर आलं तर स्वतः काही उघडू नका, गाडी मोकळ्या जागेत उभी करून सर्व्हिस सेंटरला कळवा.

हात लावायच्या आधी

बॅटरीतलं पाणी म्हणजे पाणी नव्हे. वजनाने साधारण एक तृतीयांश सल्फ्युरिक ॲसिड असतं त्यात. गंमत म्हणजे सुती कपड्यावर चार थेंब उडाले तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. पॅन्ट धुऊन वाळत घातली की मांडीवर चाळण झालेली दिसते. त्वचेवर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान 15 मिनिटं स्वच्छ पाण्याचा मारा करत राहायचा आणि तसंच डॉक्टरकडे. डोळ्यात किंवा अंगावर सोडा टाकायचा नाही, सोडा फक्त पत्र्यासाठी आणि बॅटरीच्या डब्यासाठी.

दुसरा धोका गॅसचा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. बूच उघडून आत लायटर धरून पातळी बघणारे महाभाग अजूनही आहेत. मोबाईलचा टॉर्च वापरा. बोनेट उघडल्या उघडल्या सडक्या अंड्यासारखा वास आला, बॅटरी हाताला चटका देईल इतकी गरम असली किंवा तिच्या बाजू फुगलेल्या दिसल्या, तर इंजिन बंद करून ती गार होईपर्यंत लांब थांबायचं. अशा बॅटरीला जंप स्टार्ट द्यायचा नाही आणि चार्जरही लावायचा नाही.

केबल सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर टेकला तरी काही बिघडत नाही. हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा. पाना आणि कडं मिळून शॉर्ट झाला तर ते कडं मनगटावरच लालबुंद होतं.

ओल कुठे आहे, त्यावरून निदान

गळणारी बॅटरी तशीच बघून काही कळत नाही, कारण ॲसिड सगळीकडे पसरलेलं असतं. आधी ती स्वच्छ करा. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घाला, बुचं घट्ट आहेत याची खात्री करा आणि जुन्या ब्रशने डोकं, बाजू, टर्मिनल घासा. फेस यायचा थांबला की ॲसिड मेलं. सोड्याचं पाणी बुचांच्या भोकातून आत जाऊ द्यायचं नाही, आतलं ॲसिडही मरेल. मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा आणि गाडी एक-दोन दिवस नेहमीसारखी चालवा.

आता कोरडा सोडा बॅटरीवर चिमटीने भुरभुरा. जिथे तो फसफसतो तिथून गळती.

प्रत्येक बुचाखाली एक सेल, म्हणजे बॅटरीचा एक कप्पा असतो. सगळ्या सहाही बुचांभोवती फसफसलं, तर बॅटरी उकळतेय किंवा सगळीकडे पाणी जास्त भरलंय. एकाच बुचाशी फसफसलं, तर त्या बुचाचं रबर गेलंय किंवा त्या एका सेलमध्ये पाणी जास्त झालंय. फक्त टर्मिनलच्या बुडाशी ओल असेल तर तिथलं सील सुटलंय. खांबाला चढून ॲसिड वर येतं, तांब्याच्या केबलला लागतं आणि निळसर भुगा होतो. पांढरा भुगा शिशाचा. डब्याच्या खालच्या कडेला किंवा बाजूला ओल असेल तर डबा चिरलाय.

टर्मिनलचं सील आणि चिरलेला डबा या दोन्हींवर घरगुती इलाज करत बसू नका. एम-सील, इपॉक्सी, गरम करून डांबर, लोक सगळं लावून बघतात. थोडे दिवस धरतं, मग पुन्हा सुटतं, आणि दरम्यान ट्रे आणि चासी खाऊन जातो. वॉरंटी असेल तर ती बॅटरी दुकानात न्या, नसेल तर बदला. बदलताना एवढं मात्र बघा की डबा कशामुळे चिरला. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी ढिली असेल तर खड्ड्यात बॅटरी ट्रेवर आपटत राहते. पट्टी अती आवळलेली असेल तरी डबा दबून चिरतो. ट्रॅक्टरमध्ये हे फार होतं. पट्टी तुटली की ड्रायव्हर बॅटरी सुतळीने बांधतो आणि विसरून जातो.

चार्जिंग मोजा, अंदाज नको

सहाही बुचं ओली असतील तर मल्टिमीटर काढा. साधा डिजिटल मीटर चालतो. 20 व्होल्ट डीसीवर ठेवा आणि थेट बॅटरीच्या खांबांवर टोकं टेकवा, केबलच्या क्लॅम्पवर नको.

गाडी रात्रभर बंद असताना चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. 12.2 म्हणजे अर्धी रिकामी. 10.5 दिसलं तर एक सेल बसलाय. प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्टचा, सहातला एक गेला की तेवढं कमी. हा बसलेला सेल गळतीचं छुपं कारण असतो, कारण अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आपले 14 व्होल्ट देतच राहतो. जे सहा सेलमध्ये वाटायचं ते पाचांमध्ये वाटलं जातं आणि ते पाच धडाधड उकळतात. गेलेला सेल शोधायला बुचं उघडून इंजिन चालू ठेवायला लावणारे मेकॅनिक आहेत, मी तसं करत नाही. पूर्ण गार, बंद गाडीत हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता घ्या. चार्ज असलेल्या बॅटरीत ती 1.250 च्या आसपास येते. बाकी पाचांपेक्षा एक सेल 0.050 किंवा जास्त खाली असेल तर तो गेला. या बॅटरीला पाणी टाकत बसण्यात अर्थ नाही.

सेल ठीक असतील तर इंजिन चालू करा. लाइट, पंखा, एसी बंद. कार असेल तर 1500 ते 2000 आरपीएमवर, मोटारसायकल असेल तर त्याहून बरंच वर धरून मीटर बघा. 13.8 ते 14.5 चांगलं. 13.2 च्या खाली असेल तर बॅटरी उपाशी, ती वेगळी तक्रार. आरपीएम वाढवला की आकडा 15, 15.5, 16 असा चढत गेला तर गळतीचं मूळ सापडलं. साधारण 14.4 च्या वर बॅटरीतल्या पाण्याचं विघटन वेगाने व्हायला लागतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे ॲसिडचे थेंब घेऊन बुचाच्या भोकातून बाहेर येतात, दूध उतू जातं तसं. फक्त आयडलिंगला मोजून "चार्जिंग ओके" सांगणारा मेकॅनिक इथेच फसतो, कारण आयडलिंगला बिघडलेला रेग्युलेटरही (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) शहाण्यासारखा वागतो.

मोटारसायकलमध्ये दोषी असतो तो रेक्टिफायर-रेग्युलेटर, ज्याला गॅरेजमध्ये आरआर युनिट म्हणतात. कार-टेम्पोत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला आयसी रेग्युलेटर, जुन्या गाड्यांत वेगळा कटआऊट. बदलण्याआधी वायरिंग बघून घ्या. ज्या गाड्यांत रेग्युलेटर एका वेगळ्या वायरने बॅटरीचं व्होल्टेज "बघतो", तिथे त्या वायरचा कनेक्टर गंजला की त्याला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो आणखी मारत राहतो. सॉकेट साफ केल्यावर आकडा जागेवर आला तर नव्या युनिटचे पैसे वाचले. आरआर युनिट चासीला जिथे कसलेलं असतं तिथला रंग आणि गंज खरवडून अर्थिंगही बघा.

एक अपवाद. बऱ्याच बीएस-6 गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो आणि व्होल्टेज मुद्दाम वरखाली करतो. अशा गाडीत मीटरवर थोडा वेळ 14.8 दिसलं म्हणून अल्टरनेटर उघडू नका. दहा-पंधरा मिनिटं चालवून पुन्हा बघा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा.

उन्हाळ्यात हिशोब थोडा बदलतो. तेच 14.4 व्होल्ट डिसेंबरात बॅटरीला सोसतात आणि मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे बोनेटखाली तापलेल्या बॅटरीला जड जातात. बॅटरी जितकी गरम तितकी ती लवकर गॅस सोडते. त्यामुळे बाहेर ओल नसताना नुसती पातळी उतरत असेल तर ते गळणं नव्हे, त्याला पाणी उडणं म्हणायचं. दर पंधरवड्याला बघून टॉपअप करायचं. बॅटरीभोवती कंपनीने दिलेलं कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण बरेच जण काढून फेकतात. ते इंजिनच्या उष्णतेपासून बचावासाठी असतं, परत बसवा.

पाणी: किती, कोणतं, कधी

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या पट्ट्यात ठरलेला संवाद:

"मिस्त्री, बॅटरी लय पाणी पितीया, अन् सगळं भाईर टाकतीया."

"रात्रभर टेप चालू असतोय का?"

"मग, एवढ्या थंडीत ट्रॉलीवर झोप लागतीया व्हय?"

कारखान्याच्या गेटवर रांगेत ट्रॅक्टर उभा, इंजिन बंद, ॲम्प्लिफायर आणि चार स्पीकर चालू. पहाटेपर्यंत बॅटरी झोपलेली. डिस्चार्ज झालेल्या बॅटरीत पातळी खाली गेलेली असते, ड्रायव्हर ती बघतो आणि बुचाच्या गळ्यापर्यंत पाणी भरतो. मग ट्रॅक्टर धक्क्याने चालू करून दिवसभर पळवतो. बॅटरी चार्ज होते तशी पातळी वर चढते, त्यात बुडबुडे, आणि वाढलेलं सगळं बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी दिसतं, पुन्हा भरतो. बाहेर जातं ते ॲसिड, आत पडतं ते पाणी. काही आठवड्यांत ग्रॅव्हिटी इतकी उतरते की पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना दम लागतो. या ट्रॅक्टरला रेग्युलेटर नको, बॅटरीही नको. गाण्यांसाठी वेगळी बॅटरी हवी.

म्हणून नियम असा की बॅटरी चार्ज झाल्यावर पाणी टाकायचं. डिस्चार्ज अवस्थेत प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच टाकून चार्जिंगला लावायची, उरलेलं नंतर. डब्यावर वरची आणि खालची रेघ असेल तर पातळी त्या दोन्हींच्या मध्ये. रेघ नसेल तर प्लेटांच्या वर बोटाच्या पेराएवढंही नको, दहा-पंधरा मिलिमीटर पुरे.

बॅटरी आडवी होऊन ॲसिड सांडलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गेलेलं ॲसिड परत घालावं लागतं, पण ते घरी नाही. दुकानात पूर्ण चार्ज करून, ग्रॅव्हिटी बघून. रोजच्या टॉपअपला ॲसिड कधीच टाकायचं नाही.

पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि लोह बॅटरीला आतून रिकामं करत राहतात. घरच्या आरओचं पाणी पिण्यासाठी चांगलं असलं तरी त्यात क्षार शिल्लक असतात. एसीतून टपकणारं पाणी वापरणारे खूप, पण त्यात कॉइलची धूळ आणि धातू येतात. कॅनची किंमत बघता ही काटकसर कशाला करतात कळत नाही.

मोटारसायकलची पाईप

बूच असलेल्या बॅटरीच्या जुन्या मोटारसायकलींत बाजूने एक बारीक रबरी पाईप निघते आणि चासीच्या खाली सोडलेली असते. गॅस आणि वाफाळलेलं ॲसिड त्यातून चेनच्या पलीकडे जमिनीवर जायला हवं. वॉशिंगनंतर ती पाईप सीटखाली दाबली जाते, मुडपते, किंवा चिखलाने बंद होते. मग दाब बुचांतून वाट काढतो. उलटही होतं: पाईप तुटून आखूड झाली की थेंब थेट चेनवर, स्विंगआर्मवर आणि सायलेन्सरवर. सायलेन्सरचा क्रोम एकाच जागी फुगून निघत असेल तर वर बघा, तिथेच पाईपचं तोंड सापडेल. पाईप काढून फुंकून बघा (तोंडाने नको, पंपाने), कडक झाली असेल तर नवी टाका. किरकोळ किमतीत मिळते.

सीलबंद व्हीआरएलए बॅटरीला, म्हणजे दाब वाढला तरच उघडणारा व्हॉल्व्ह असलेल्या बॅटरीला, ही पाईप नसते. ती गळली तर याचा अर्थ आतला दाब वाढून व्हॉल्व्ह उघडला, म्हणजे जादा चार्जिंग. आरआर युनिट तपासल्याशिवाय तिच्या जागी नवी ठेवू नका. आणि ही बॅटरी बाहेर चार्जिंगला देताना बजावून सांगा. क्षमतेच्या एक दशांश करंट हा ढोबळ नियम, म्हणजे 5 ॲम्पियर-अवरच्या बॅटरीला अर्धा ॲम्पियर. दुकानदाराने ती ट्रकच्या बॅटरीबरोबर एकाच करंटवर लावली तर संध्याकाळी ती पोट फुगवून परत येते.

ट्रकचा खास आजार

ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, मिळून 24. त्यातली नेमकी एकच गळते, दुसरी कोरडी ठणठणीत, आणि कोरडीच लवकर डाऊन होते. अल्टरनेटर मोजला तर 28 व्होल्ट, अगदी बरोबर. मेकॅनिक डोकं खाजवतो.

केबिनमध्ये बघा. टेप, मोबाईल चार्जर किंवा झगमगत्या लाइटची माळ 12 व्होल्टची आहे का, आणि तिची वायर दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून काढलीय का. तसं असेल तर ज्या बॅटरीवरून लोड घेतलाय ती रोज जास्त रिकामी होते. चार्जिंगचे 28 व्होल्ट मग समान वाटले जात नाहीत. रिकामी बॅटरी 13 वर अडते आणि भरलेल्या दुसरीवर 15 येतात. तीच उकळते. अल्टरनेटर निर्दोष. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या की फरक लगेच दिसतो. मधली वायर काढून 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून परत जोडा. जोडीतली एक जुनी, एक नवी ठेवली तरी असाच असमतोल होतो, म्हणून बदलायच्या तर दोन्ही.

दुरुस्तीनंतर

कारण सापडलं तरी ट्रे तसाच सोडू नका. बॅटरी बाहेर काढा, सोड्याच्या पाण्याने ट्रे फेस थांबेपर्यंत धुवा, वायर ब्रशने गंज काढा, कोरडा करून प्रायमर आणि वर काळा बिटुमिन पेंट. क्लॅम्प आतून घासून चकचकीत करा, कसा, आणि मग वरून व्हॅसलीन लावा. क्लॅम्प बसवायच्या आधी लावलं तर जोड कच्चा राहतो.

बॅटरीचं डोकं खरंच कोरडं झालं का हे मीटरवर बघता येतं. काळं टोक निगेटिव्ह खांबावर ठेवा, लाल टोक बुचांच्या मधल्या प्लास्टिकवर टेकवून फिरवा. आकडा शून्यावर हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर ॲसिडचा अदृश्य थर अजून तिथे आहे आणि उभ्या गाडीतही बॅटरी त्यातून हळूहळू रिकामी होतेय. पावसाळ्यात हे जास्त, कारण थर ओलावा धरतो. पुन्हा सोडा, पुन्हा पाणी.

वॉरंटीसाठी नेणार असाल तर चार्जिंगचे आकडे लिहून न्या. आतलं पाणी काळपट-तपकिरी आणि सहाही सेल सुकलेले दिसले की दुकानदार "ओव्हरचार्ज" म्हणून हात वर करतो, आणि बहुतेकदा त्याचं खरं असतं. डबा चिरलेला किंवा एकच सेल गेलेला असेल आणि तुमचं चार्जिंग 14.2 असेल, तर मात्र भांडायला जागा आहे.

मेलेली बॅटरी भंगारात देताना आतलं ॲसिड गटारात ओतून हलकी करून देण्याची सवय काही गावांत आहे. हे करू नका, त्यात शिसंही जातं. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी, गोळा करणाऱ्याकडे किंवा रिसायकल करणाऱ्याकडे द्यायची असते. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून देतोच. नेताना ती उभीच ठेवा, प्लास्टिकच्या टबात, टर्मिनलना टेप लावून. गळकी बॅटरी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून नेऊ नका.